हशाचा हिशेब

सकाळी 7
चहाच्या आधी बुकिंग बघतो. आमच्या विनोद महोत्सवाचा आज मधला दिवस. कोथरूडच्या यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात साडेपाचला एकपात्री, साडेनऊला स्टँडअप. एकपात्रीच्या पुढच्या रांगा भरल्यात. स्टँडअपचा प्लॅन मात्र विरळ: कोपऱ्यात दोघं, मागे चौघं. ऑनलाइन तिकीट काढणारा शेजार टाळून जागा निवडतो. विनोदाला हे मारक. एकटा बसलेला माणूस हसायला बिचकतो. शेजारचा खिदळला की त्यालाही सुटतं.

सकाळी 9
पेपरातली जाहिरात तपासतो. एकपात्रीचा प्रेक्षक नाटकांचं पान वाचतो, स्टँडअपचा प्रेक्षक ते पान उघडतही नाही. त्याच्यासाठी मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचं रील. खरं तर दोन्हीकडे एकच माणूस रंगमंचावर उभा असतो. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये लक्ष्मण देशपांडे एकटेच 52 पात्रं उभी करायचे. म्हणून दोन्ही खेळ एकाच दिवशी लावले. आजोबांनी नातवाचा खेळ बघावा, नातवाने आजोबांचा.

सकाळी 11
कागदपत्रांची फाइल. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र, पोलिस परवाना, भाड्याची पावती. स्टँडअपवाल्या मुलाकडे मी लेखी संहिता आधीच मागून ठेवली होती. ती आली, पण खाली टीप होती: “दादा, यातलं निम्मं आज बदलेल.” त्याला फोन करून कोणतं निम्मं ते विचारून घेतलं. तेवढ्यात प्रायोजक मिठाईवाल्या काकांचा फोन. “मधुमेहावर काही नाही ना?”

दुपारी 3
साउंड चेक. एकपात्रीला कॉलर माईक, कारण नटाचे दोन्ही हात मोकळे लागतात. स्टँडअपला हातातलाच माईक, एक उंच स्टूल, पाण्याची बाटली. प्रकाशयोजनाही वेगळी. एकपात्रीला प्रेक्षागृहात पूर्ण अंधार. स्टँडअपला पहिल्या दोन रांगांवर मंद उजेड, कारण तो त्यांच्याशीच बोलणार असतो. एसी जरा जास्तच गार ठेवायला सांगतो. घामेजलेले लोक हसत नाहीत, घड्याळ बघतात.

संध्याकाळी 5.15
पहिली घंटा. दारावर मी स्वतः उभा. तिसऱ्या घंटेनंतर येणाऱ्यांना टाळ्या पडेपर्यंत बाहेरच थांबवायचं, असं दारावरच्या पोरांना बजावलंय. टॉर्च घेऊन जागा शोधणारं एक कुटुंब दहा मिनिटांची बांधणी पाडू शकतं. मध्यंतर पंधरा मिनिटांचं, पण बटाटेवड्याची रांग संपेपर्यंत पंचवीस होतात.

रात्री 8.45
बुकिंग खिडकी थोडी हलली, पण घर भरलेलं नाही. बाल्कनी बंद करतो, मागच्या रांगांना दोरी लावतो आणि बाल्कनीचं तिकीट असलेल्यांना खाली पुढे बसवतो. बाल्कनीच्या पैशांत पुढची जागा मिळाली म्हणून ते आधीच खूश असतात. क्रमही ठरलेला: सुरुवातीला नवखा, पण चटपटीत कलाकार. लोक स्थिरस्थावर होईपर्यंतचे विनोद वाया जातात. ते त्याच्या वाट्याला. सगळ्यात तयारीचा कलाकार शेवटी. मी विंगेत उभा राहून फक्त हशा ऐकतो. मागून पुढे येणारा हशा बरा. पुढेच अडकलेला असला तर साउंडवाल्याला खूण करतो.

रात्री 11.45
मानधनाची पाकिटं. नाईट त्याच रात्री द्यायची, हा या धंद्यातला जुना नियम आणि उद्या फोन उचलला जावा यासाठीचा एकमेव उपाय. मग हिशेब. नाट्यप्रयोगाच्या 500 रुपयांपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी नाही, म्हणून एकपात्रीचा दर त्याच्या आत ठेवलाय. एकपात्रीने भाडं काढलं, स्टँडअपने जेमतेम जेवण. सगळ्यात जास्त रिकाम्या खुर्च्या फुकट पासवाल्यांच्या होत्या. नेहमीच असतात.

तेव्हा ओळखीच्या सगळ्यांना हात जोडून एकच विनंती: पास मागू नका. तिकीट काढलेला माणूस वेळेवर येतो आणि पैसे वसूल होईपर्यंत हसतो.