शेजारची दाढ का किडते?

गेल्या वर्षी माझी एक दाढ ठणकू लागली. दंतवैद्यांनी क्ष-किरणांनी छायाचित्र घेतले, तेव्हा डाग दोन दिसले. एक दुखऱ्या दाढेवर, दुसरा शेजारच्या दाढेवर, अगदी समोरासमोर! "कीड पलीकडे सरकली," असे आमच्या आजीने म्हटले असते.

परंतु दातात सरकणारा किडा नसतोच. पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ सालच्या आपल्या ग्रंथात दातातील अळीची कल्पना नाकारली होती. पुढे १८९० मध्ये विलोबी मिलर याने खरे कारण मांडले. तोंडातील जंतू साखर व पिष्टमय पदार्थ आंबवून आम्ल तयार करतात, आणि ते आम्ल दात विरघळविते.

दाताचे बाहेरचे कवच म्हणजे एनॅमल. शरीरातील हा सर्वांत कठीण पदार्थ. वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज. पण सामू साधारण ५.५ च्या खाली गेला, की त्यातील कॅल्शियम व फॉस्फेट सुटू लागतात. ७ वरून ५.५ ही घसरण किरकोळ वाटते ना? सामूचे माप लॉगरिथमचे आहे. या दीड अंकात हायड्रोजन आयनांची संहती सुमारे ३२ पट होते! गोड खाल्ल्यावर काही मिनिटांतच सामू असा घसरतो. लाळ अर्ध्याएक तासात आम्ल निवळते व गेलेले खनिज थोडेथोडे परतही देते. म्हणून एकदम खाल्लेल्या चार पेढ्यांपेक्षा दिवसभर चघळलेल्या चार गोळ्या वाईट. (सरांनी पेढे खायला सांगितले, असे घरी सांगू नका.)

आता दोन दाढांमधली फट पाहा. त्या जेथे एकमेकींना टेकतात, त्याच्या किंचित खाली ब्रशाचे केस पोचत नाहीत, लाळही नीट खेळत नाही. तेथे जंतूंचा चिकट थर साचतो. आम्लाची खोली एकच, भिंती मात्र दोन दाढांच्या. एका भिंतीला खड्डा पडला, की त्यात अन्न व जंतू अधिकच अडकतात आणि समोरच्या भिंतीला त्यांचा सतत शेजार घडतो.

एनॅमलमध्ये मज्जातंतू नसतात, त्यामुळे ते झिजताना दुखत नाही. आम्ल आतल्या डेंटीनमधून गराजवळ पोचते, तेव्हा दाढ ठणकते. तोवर शेजारीण मुकाट्याने झिजत असते. क्ष-किरणांपासून मात्र ती लपत नाही. खनिज घटले की किरण कमी शोषले जातात, म्हणून तेथे काळा डाग उमटतो.

दर्शनी दातावर हीच सुरुवात पांढऱ्या ठिपक्याने होते. एनॅमलचा अपवर्तनांक सुमारे १.६२, त्याच्या छिद्रांत शिरलेल्या पाण्याचा १.३३ आणि हवेचा १. फरक जितका मोठा, तितके प्रकाशाचे विकिरण अधिक. दंतवैद्य दातावर हवेचा झोत सोडून तो वाळवतात, तेव्हा ठिपका उठून दिसतो तो यामुळेच.

माझ्या दुखऱ्या दाढेचे रूट कॅनाल करावे लागले. शेजारच्या दाढेचा डाग अजून एनॅमलपुरताच होता. तिला कोरले नाही. फ्लुओराइडचा लेप दिला आणि रोज रात्री फटीतून दंतदोरा फिरवायला सांगितले. सहा महिन्यांनंतरच्या छायाचित्रात डाग वाढलेला नव्हता.