नादकाटा: एका स्वराचे माप

पोलादाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या दोन समांतर भुजा आणि त्यांना जोडणाऱ्या वळणाखाली एक दांडी, एवढीच नादकाट्याची रचना. इंग्लंडच्या दरबारातील तुतारीवादक जॉन शोअर यांनी १७११ मध्ये वाद्ये सुरात लावण्यासाठी तो तयार केला. रबराच्या ठोकळ्यावर हलकेच आपटला की दोन्ही भुजा एकदम बाहेर झुकतात आणि एकदम आत येतात. सुरुवातीला बारीक टणत्कार उठतो. तो विरला की जवळजवळ एकाच वारंवारितेचा स्वर उरतो. जोरात आपटल्याने आवाज वाढतो, स्वर बदलत नाही. भुजा लांब असेल तर स्वर खालचा. टोकाशी कानस मारली तर तो किंचित चढतो, बुडाशी मारली तर उतरतो. म्हणून गंजलेल्या किंवा घासलेल्या काट्यावरच्या आकड्याचा भरवसा धरता येत नाही.

वाजता काटा कानाजवळ धरून दांडीभोवती सावकाश फिरवला, तर एका फेऱ्यात चार वेळा आवाज जवळपास नाहीसा होतो. भुजांच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूंनी निघणाऱ्या लहरी त्या चार दिशांना एकमेकींना मारतात. दांडी टेबलावर टेकवली की फळी थरथरून आवाज मोठा होतो, पण ऊर्जा भराभर खर्ची पडल्याने तो लवकर थांबतो.

बारावीच्या प्रात्यक्षिकात याच काट्याने हवेतील ध्वनीचा वेग काढतात. पाण्यात उभ्या धरलेल्या नळीच्या तोंडाशी ५१२ हर्ट्झचा काटा वाजवत नळी हळूहळू वर घेतात. हवेचा स्तंभ सुमारे १६.१ सेंटिमीटरचा झाला की नळी एकदम घुमते, हा अनुनाद. नळीचा व्यास ३ सेंटिमीटर असेल तर त्याच्या ०.३ पट, म्हणजे ०.९ सेंटिमीटर, लांबीत मिळवतात. बेरजेला वारंवारितेच्या चौपटीने गुणले की ३० अंश सेल्सिअसला वेग सेकंदाला साधारण ३४८ मीटर येतो.

दवाखान्यातही ५१२ हर्ट्झचाच काटा वापरतात. रिने चाचणीत वाजती दांडी कानामागच्या हाडावर टेकवतात. आवाज ऐकू येईनासा झाला की भुजा कानासमोर धरतात. निरोगी कानाला तो पुन्हा ऐकू येतो. पडद्यात किंवा मधल्या कानात अडथळा असेल तर येत नाही. वेबर चाचणीत दांडी कपाळाच्या मध्यावर ठेवतात. अडथळा असेल तर आवाज बिघडलेल्या कानाकडे सरकतो, आतल्या कानाची नस अशक्त असेल तर चांगल्या कानाकडे.

पैठण रस्त्यावरच्या चितेगावसारख्या कारखानदारीच्या गावात या चाचण्यांची मर्यादाही ध्यानात घ्यावी लागते. गोंगाटाने येणारा बहिरेपणा कामगार कायद्यातील अधिसूचित रोगांत आहे. तो बहुधा ४,००० हर्ट्झच्या आसपास सुरू होतो, त्यामुळे ५१२ च्या काट्याला सुरुवातीचे नुकसान सापडत नाही. प्रेसवर काम करणाऱ्या कामगाराला दोन्ही चाचण्या व्यवस्थित आल्या तरी ऑडिओमेट्री, म्हणजे यंत्राने श्रवणतपासणी, करावी लागते.

मधुमेहींच्या पायांची संवेदना तपासायला १२८ हर्ट्झचा काटा अंगठ्याच्या हाडावर टेकवतात. थरथर जाणवेनाशी होणे हे नसा कमजोर झाल्याचे लक्षण असते.

क्वार्ट्झ घड्याळात तर स्फटिकाचा इवलासा नादकाटाच असतो. तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा पंधरा वेळा निम्मा केला की एक उरतो, आणि त्या ठोक्यावर सेकंदकाटा पुढे सरकतो.