माळ्यावरचे स्पीकर भंगारात देताय? थांबा!

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून लाकडी स्पीकरची जोडी खाली येते आणि घरात लगेच फर्मान सुटतं, 'भंगारवाल्याला देऊन टाका.' जरा थांबा. मूठभर ब्लूटूथ डब्याला न जमणारा आवाज त्या आठ इंची कागदी कोनात अजून शिल्लक असू शकतो.

आधी पुढची जाळी काढा. कोनाच्या कडेला लवचीक रिंग असते, तिला 'सराउंड' म्हणतात. ती फोमची असेल तर बोट लावताच चिकट भुगा हातात येईल. घाबरू नका. फोम पंधरा-वीस वर्षांत सडतोच, दमट हवेत जरा लवकर. याचा अर्थ स्पीकर मेला असा नाही. कडा रबरी किंवा कापडी असेल तर तुमचं नशीब जोरावर! मग बोटं पसरून कोन अगदी हलक्या हातानं आत दाबा. खरखर ऐकू आली तर आतली कॉइल घासतेय, ते काम रिपेअरवाल्याचं. कोन सुरळीत हलला तर दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर त्याच्या दोन टोकांना टेकवा. 'टप्' असा आवाज आला की कॉइल जिवंत आहे.

नवी फोम रिंग मागवताना नुसतं 'आठ इंची' म्हणू नका, कोनाचा आणि फ्रेमचा व्यास मोजून घ्या. जुना गोंद खरवडण्यात एखादी संध्याकाळ जाते. नवी रिंग मात्र घाईनं चिकटवायची नाही. ती तिरकी बसली तर कॉइल घासायला लागते आणि चांगला स्पीकर तुमच्याच हातून जातो.

आतमध्ये 'क्रॉसओव्हर' नावाचं छोटं सर्किट असतं. खर्ज मोठ्या कोनाकडे, बारीक सूर ट्वीटरकडे ही वाटणी तेच करतं. त्यातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वयानुसार सुकतात आणि आवाज गोधडीआडून आल्यासारखा वाटतो. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर चौकशी करा, पण 'नॉन-पोलर'च मागा. मायक्रोफॅरडचा आकडा तोच, व्होल्ट तेवढेच किंवा जास्त.

आता ॲम्प्लिफायर. खरे पैसे वाया जातात ते इथे. खोक्यावर 'पीएमपीओ'चे हजारो वॉट छापलेले दिसले तर तो आकडा सोडून द्या, आरएमएस विचारा. त्याआधी ओहम बघा. स्पीकरमागचं लेबल गेलं असेल तर मल्टिमीटर लावा. ८ ओहमचा स्पीकर साधारण ६ दाखवतो, ४ ओहमचा ३ ते साडेतीन. ॲम्प्लिफायरवर 'किमान ८ ओहम' लिहिलंय आणि तुम्ही ४ चा जोडला, तर तो तापणार, कदाचित जळणारही.

दुसरी गोष्ट सेन्सिटिव्हिटी. एका वॉटला एक मीटरवर ९० डेसिबल देणारा स्पीकर घ्या. ८४ डेसिबलवाल्याला तेवढ्याच आवाजासाठी चार वॉट लागतात. कारण दर ३ डेसिबलला वॉट दुप्पट! म्हणून कित्येक जुन्या जोड्यांना हॉलमध्ये २०-३० प्रामाणिक वॉट पुरतात.

पण '२० वॉट म्हणजे सुरक्षित' असंही समजू नका. छोटा ॲम्प्लिफायर पार्टीत शेवटपर्यंत पिळला की त्याचा आवाज फाटतो. यालाच क्लिपिंग म्हणतात. ट्वीटर जळतात ते बहुतेकदा याच्यामुळे. जुना ट्वीटर पुन्हा मिळणं कठीण, त्यामुळे आवाज फाटायला लागला की नॉब मागे घ्या.

सगळं जोडल्यावर खर्ज गायब वाटला तर एका स्पीकरच्या तारा उलट्या लागल्या असतील. लाल लालला आणि काळी काळीला आहे का बघा, मगच ॲम्प्लिफायरला नावं ठेवा.