तयार संकेतस्थळ घेण्यापूर्वी

गेल्या पावसाळ्यात ताथवडे येथील आमचे एक वैद्यमित्र सल्ल्यासाठी आले. महामार्गालगत त्यांचे चिकित्सालय व लहानसे औषधालय आहे. हिंजवडीत नोकरी करणारी मंडळी रात्री परततात तेव्हा दुकान बंद असते. म्हणून घरपोच औषधांसाठी संकेतस्थळ हवे, हा त्यांचा विचार रास्तच होता. नवे उभारण्याऐवजी कोणाचे तरी चालते संकेतस्थळ विकत मिळत होते. दहा वर्षांचे जुने नाव, महिना हजारो अभ्यागत आणि वर ४,००० ग्राहकांचे दूरध्वनी क्रमांक! इसार देण्यास दोन दिवस उरले होते.

आम्ही विचारले, "वैद्यराज, गुळवेल घेताना आपण काडी मोडून, चाखून पाहता, मग हे न पाहताच घेणार?"

त्याच संध्याकाळी आम्ही दोघे संगणकापुढे बसलो. नावाच्या नोंदणीचा दिनांक कोणासही पाहता येतो. तो विक्रेत्याने सांगितल्याप्रमाणेच निघाला. मालकाचे नाव मात्र अलीकडे बहुधा झाकलेले असते. यास्तव विक्रेत्यास नोंदणीचे खाते आपल्यासमक्ष उघडावयास लावावे.

पुढे 'वेबॅक मशीन' पाहिले. इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेने २००१ मध्ये सर्वांस खुल्या केलेल्या या संग्रहात संकेतस्थळांची जुनी पाने जतन केलेली असतात. येथे रोगाचे मूळ सापडले. आरंभी त्या नावावर भलताच व्यवसाय चालत होता आणि नंतरच्या पानांवर मधुमेह समूळ बरा करण्याची हमी होती. औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ याच्या अनुसूचीत मधुमेह आहे, हे आपणांस ठाऊकच आहे. त्यांतील काही पाने अद्याप चालू होती. मालकी बदलताच ती आमच्या मित्रांच्या नावाने बोलू लागली असती!

औषधांच्या यादीत कुचला व वत्सनाभयुक्त कल्पही बिनदिक्कत विक्रीस होते. अनुसूची ई (१) मधील अशा द्रव्यांची औषधे नोंदणीकृत वैद्याची चिठ्ठी पडताळूनच ऑनलाइन विकावीत, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये सूचनापत्राने बजावले आहे.

अभ्यागतांचे आकडे केवळ चित्ररूपाने आले होते. मूळ खाते पाहण्याची परवानगी आम्ही मागितली. ती कुरकुरत मिळाली. बहुतेक भेटी परदेशातून व काही सेकंदांच्याच होत्या. विक्रीचा हिशेब बँकेच्या उताऱ्याशी ताडून पाहण्याची मग गरजच उरली नाही. राहिले ते दूरध्वनी क्रमांक. रुग्णाने औषधासाठी दिलेला क्रमांक त्याच्या संमतीवाचून विकावयाचा, ही कल्पनाच आम्हांस रुचली नाही. २०२३ चा वैयक्तिक माहितीविषयक कायदाही संमतीवरच उभा आहे.

"मग एखाद्या मोठ्या फार्मसीच्या संकेतस्थळासारखेच हुबेहूब करून घेतो," मित्र म्हणाले. विभागांची रचना, मागणी नोंदविण्याची सोय, यांचा अभ्यास अवश्य करावा. मजकूर व छायाचित्रे उचलणे मात्र १९५७ च्या कॉपीराइट कायद्याखाली अंगाशी येते. नावातील साम्यही तसेच. 'रेडिफ'शी मिळतेजुळते 'रॅडिफ' हे नाव घेणाऱ्यास मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये मनाई केली. 'सिफी' प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये संकेतस्थळाच्या नावास व्यापारचिन्हाप्रमाणे संरक्षण दिले.

इसार दिला गेला नाही. मित्रांनी स्वतःच्याच नावाची नोंदणी केली असून आरंभास बावीस कल्प ठेवले आहेत. माहिती ते स्वतः रात्री लिहितात, छायाचित्रे त्यांचे चिरंजीव काढतात.