गॅसचा ट्रक आणि धानाची रांग

इटियाडोहचं पाणी कालव्याला सुटलं की अर्जुनी मोरगाव, लाखांदूर, देसाईगंज, आरमोरीपर्यंतच्या शेतकऱ्याचं वर्ष ठरतं. गाढवी नदीवरच्या या धरणाखाली खरिपाचा धान तर होतोच, पाणी पुरलं तर उन्हाळीही होतो. धान खरेदी केंद्रावर येतो, केंद्रावरून भरडाईसाठी राइस मिलमध्ये जातो, आणि शंभर किलो धानामागे ६७ किलो तांदूळ सरकारी गोदामात जमा होतो. हा सगळा प्रवास ट्रकवर होतो. शेत ते केंद्र ट्रॅक्टर, पुढे दहा चाकी, बारा चाकी. हमाल पाठीवरून कट्टे चढवतात, क्लीनर ताडपत्री ओढतो, आणि गाडी नवेगावबांधवरून कोहमाऱ्याच्या चौकाकडे, म्हणजे मुंबई–कोलकाता महामार्गाकडे निघते.

या गाड्यांच्या मालकांशी बोलायला बसलं की टायर, टोल, चालकाचा पगार असा क्रम लागतो, आणि शेवटी गोष्ट डिझेलवर येऊन थांबते. भाड्याचा सर्वांत मोठा वाटा डिझेल खातं. म्हणून हल्ली एक प्रश्न हमखास निघतो: गॅसवरचा ट्रक घ्यावा का? प्रश्न हवेतला नाही. ११ जुलै २०२१ रोजी नागपुरात, कामठी मार्गाजवळ जबलपूर महामार्गावर, नितीन गडकरी यांच्या हस्ते बैद्यनाथ समूहाच्या एलएनजी (म्हणजे द्रवरूप नैसर्गिक वायू) केंद्राचं उद्घाटन झालं. सप्टेंबर २०२२ मध्ये पुण्याजवळ चाकणला ब्लू एनर्जी मोटर्सचा एलएनजी ट्रकचा कारखाना सुरू झाला. म्हणजे गाडीही महाराष्ट्रात बनते आणि इंधनही विदर्भात भरता येतं.

हे इंधन गाडीत कसं जातं, ते एकदा जवळून पाहण्यासारखं आहे. ट्रक पंपावर लागला की इंजिन बंद होतं, चाकांना अडण लागते, चालक खाली उतरून लांब उभा राहतो. भरणारा माणूस चेहऱ्यापुढे पारदर्शक ढाल, हातात कोपरापर्यंतचे जाड मोजे आणि अंगावर एप्रन घालून येतो. आधी तो गाडीला अर्थिंगचा चिमटा लावतो. मग टाकीच्या तोंडावर आणि नळीच्या तोंडावर कोरड्या हवेचा झोत मारतो. तिथे पाण्याचा एक थेंब राहिला तरी त्याचा बर्फ होतो आणि जोड नीट बसत नाही. टाकीतला दाब जास्त असेल तर आधी तो दुसऱ्या नळीने पंपाकडे परत घेतला जातो. मग खटका बसतो आणि भरणं सुरू होतं. बघता बघता नळीवर पांढरा थर चढतो, भर उन्हाळ्यातही. जोडाभोवती धुरासारखं जे तरंगतं ते बहुतेक हवेतलंच बाष्प असतं, गारठून दिसायला लागलेलं. मी थोडा पुढे सरकलो तर चालक म्हणाला, ‘‘हात नका लावू जी, कातडं चिकटते.’’ यंत्रावरचा आकडा लिटरमध्ये नाही, किलोमध्ये वाढतो. भरणं संपल्यावरही नळी लगेच सुटत नाही, जोडावरचा बर्फ सैल व्हावा लागतो.

हा सगळा सोहळा एका आकड्यासाठी आहे: उणे १६२ अंश सेल्सिअस. तेवढा थंड केला की नैसर्गिक वायू द्रव होतो आणि त्याचं आकारमान सुमारे सहाशे पटींनी घटतं. म्हणून लांब पल्ल्याच्या ट्रकला पुरेल इतका वायू चेसिसच्या कडेला बसवलेल्या टाकीत मावतो. ही टाकी दुहेरी भिंतीची असते. मधली हवा काढून टाकलेली, अगदी थर्मासची रचना. त्यात थंडी निर्माण करणारं यंत्र नाही. बाहेरची उष्णता आत शिरायला जितका वेळ लागेल, तितकाच वेळ आतला द्रव द्रव राहतो. आणखी एक गोष्ट चालकांना पुन्हापुन्हा सांगितली जाते: घरच्या सिलिंडरसारखा वास या गॅसला नसतो. वासासाठी जे मिसळतात ते इतक्या थंडीत गोठून जातं, म्हणून मिसळतच नाहीत. गळती नाकाला कळत नाही, गाडीत बसवलेल्या सेन्सरलाच कळते. तो सेन्सर बिघडला तर ‘चालतंय तोवर चालू दे’ म्हणायची सोय नाही.

इंजिनही वेगळं. डिझेल दाबाने तापलेल्या हवेत आपोआप पेट घेतं. नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन; तो तसा सहज पेटत नाही, त्याला ठिणगी लागते. म्हणून गॅसच्या इंजिनात इंजेक्टरच्या जागी स्पार्क प्लग आहे आणि दाबाचं प्रमाण कमी आहे. जुन्या डिझेल इंजिनाचं रूपांतरही होतं, पण मग पिस्टनपासून इंधनप्रणालीपर्यंत बरंच बदलावं लागतं, आणि बदल मंजूर किटने करून आरसी बुकात नोंदवावा लागतो. उष्णतेचा हिशेब केला तर एक किलो एलएनजी म्हणजे १.३ ते १.४ लिटर डिझेल. प्रत्यक्ष रस्त्यावर फायदा याहून कमी मिळतो, कारण ठिणगीचं इंजिन डिझेल इंजिनाइतकं कार्यक्षम नसतं. म्हणून पंपावरचे दोन दर शेजारी ठेवून नफा काढू नये. भरल्या गाडीला किलोमीटरमागे किती रुपये लागले, हाच आकडा खरा.

तरीही लांब पल्ल्याला हा हिशेब जमू शकतो. चाकणच्या ट्रकचा पल्ला एका भरणीत १,४०० किलोमीटरपर्यंत असल्याचा कंपनीचा दावा आहे. महाराष्ट्राने १ एप्रिल २०२२ पासून नैसर्गिक वायूवरचा व्हॅट साडेतेरा टक्क्यांवरून तीन टक्क्यांवर आणला. चालक सांगतात की इंजिनाचा आवाज आणि हादरा कमी आहे. मालकांना आणखी एक गोष्ट मनापासून पटते: धाब्यामागे नळी घालून हा गॅस कुणाला काढता येत नाही. उलट बाजूला गाडीची किंमत डिझेल ट्रकपेक्षा बरीच जास्त, हप्ता मोठा, आणि गॅसचा दर जगाच्या बाजारावर. देशाला लागणारा जवळजवळ निम्मा वायू दहेज, हजिरा, दाभोळसारख्या बंदरांत जहाजाने येतो. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं तेव्हा तो किती महाग होऊ शकतो, हे सगळ्यांनी पाहिलं.

आता इटियाडोहच्या ट्रककडे परत येऊ, कारण खरी अडचण इथे आहे. एलएनजीची टाकी भरून गाडी उभी राहिली की आतला द्रव हळूहळू उकळतो आणि दाब चढतो. साधारण पाच-सात दिवस टाकी तो दाब सोसते, मग सुरक्षा झडप उघडते आणि गॅस हवेत जातो. गाडी रोज धावत असेल तर ही वेळ येत नाही, कारण उकळलेला वायू इंजिनच वापरून टाकतं. पण आमच्या भागातली धानाची गाडी रोज धावते कुठे? बारदाना नाही म्हणून केंद्रावर थांब. उचल रखडली म्हणून मिलच्या आवारात थांब. गोदामात जागा नाही म्हणून दारात रांगेत थांब. हंगाम संपला की काही गाड्या आठवडेच्या आठवडे अंगणात. डिझेल महिनाभर टाकीत पडून राहिलं तरी मालकाचं काही जात नाही. एलएनजी मात्र उभ्या उभ्या उडून जातं.

आणि जातं ते मिथेन. जळताना तेवढ्याच उष्णतेमागे डिझेलपेक्षा सुमारे एक चतुर्थांश कमी कार्बन डायऑक्साइड सोडणारा, काजळी जवळजवळ न करणारा हाच वायू न जळता हवेत गेला, तर शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापमानवाढ करतो. म्हणजे रांगेत उभ्या गॅसच्या ट्रकमध्ये मालकाचे पैसे जातात आणि ज्यासाठी गॅस आणला, तो हेतूही बुडतो.

म्हणून माझं मत असं की एलएनजी महामार्गावरच्या गाड्यांना द्यावं. रायपूर-भिलाईचं पोलाद देवरी, साकोली, भंडारा, नागपूर करत पश्चिमेला नेणारे ट्रेलर किंवा गोंदियाचा तांदूळ दूरच्या राज्यांत पोचवणाऱ्या गाड्या दिवसरात्र चालतात, त्यांना हे इंधन शोभतं. नोव्हेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने देशातल्या पहिल्या ५० एलएनजी पंपांची पायाभरणी केली, तीन वर्षांत हजार पंपांची भाषा झाली. तो आकडा गाठला गेला नाही. कामठी मार्गाजवळचं केंद्र भंडाऱ्याकडून येणाऱ्या ट्रकला वाट वाकडी करायला लावतं. साकोली-देवरीच्या पट्ट्यात, भर महामार्गावर पंप हवा.

धान खरेदी केंद्र ते मिल आणि मिल ते गोदाम या छोट्या फेऱ्यांना सीएनजी बरा. सुमारे २०० बार दाबाने सिलिंडरमध्ये कोंबलेला तो वायू थंडीवर अवलंबून नाही. गाडी पंधरा दिवस उभी राहिली तरी तो जागचा हलत नाही. पल्ला कमी मिळतो, पण इथे पल्ला लागतोच किती? शिवाय तो वायू जहाजानेच आला पाहिजे असंही नाही. हार्वेस्टरने धान काढल्यावर बांधीत राहिलेलं तणस पेटवलेलं दरवर्षी दिसतं. तणस आणि शेणापासून सीएनजीच्या तोडीचा वायू बनवता येतो, आणि त्यासाठी केंद्राची ‘सतत’ योजना ऑक्टोबर २०१८ पासून आहे. धानाच्या जिल्ह्यात अशा प्रकल्पाला कच्चा माल शोधायला जावं लागणार नाही.

प्रशासनाकडे एकच मागणी: उचलीचं वेळापत्रक पाळा, गोदामाच्या दारातली रांग मोडा. त्याने आजचं डिझेलही वाचेल आणि उद्याचा गॅसही. आणि मालक मंडळींना एकच सांगणं: शोरूममध्ये जाण्याआधी एक अख्खा हंगाम वहीत लिहून काढा, गाडी किती दिवस चालली आणि किती दिवस उभी राहिली. चालण्याचे दिवस भारी पडले तर एलएनजीचा विचार जरूर करा. उभे दिवस भारी पडले तर ती गाडी तुमच्यासाठी नाही.