हक्क आहे, पण कुणाविरुद्ध?

थळच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर समुद्रात खांदेरी-उंदेरी आणि पाठीशी आरसीएफ. मुंबई हायच्या वायूवर अमोनिया आणि युरिया तयार करणारा हा कारखाना १९८०च्या दशकात आला. त्यासाठी जमिनी गेल्या आणि प्रकल्पग्रस्तांच्या नोकऱ्यांचा प्रश्न पुढं कित्येक वर्षं धुमसत राहिला. कंपनीत केंद्र सरकारचा ७५ टक्के हिस्सा आहे. म्हणून घटनेच्या १२व्या कलमाच्या हिशेबात ती 'राज्य' ठरते. तिच्या भरतीत उघड पक्षपात झाला, तर उमेदवार समानतेचा मूलभूत हक्क घेऊन उच्च न्यायालयात रिट करू शकतो. त्याच रस्त्यावरच्या खासगी रिसॉर्टनं त्याला नोकरी नाकारली, तर मात्र ही वाट बहुतेक वेळा बंद. गंमत अशी, की आरसीएफ 'राज्य', पण देशाचा क्रिकेट संघ निवडणारं बीसीसीआय नाही. सर्वोच्च न्यायालयानं २००५ साली तसा निकाल दिला, तोही तीन विरुद्ध दोन.

हक्क सरकारविरुद्धच मागायचा, ही कल्पना अमेरिकेची. तिथली घटना १७८७ सालची, आणि व्यक्तीच्या हक्कांची सनद, म्हणजे पहिल्या दहा दुरुस्त्या, १७९१ सालच्या. पहिल्या दुरुस्तीची सुरुवातच काँग्रेसला तंबी देऊन होते. भाषण, धर्म, वृत्तपत्रं यांच्या स्वातंत्र्यावर गदा आणणारा कायदा करू नका. सगळा रोख सरकारवर, आणि सुरुवातीला तर फक्त केंद्र सरकारवर. बाल्टिमोरच्या जॉन बॅरनला हे महागात पडलं. त्याचा धक्का खोल पाण्यातला. शहरानं रस्त्यांच्या कामात ओढ्यांचे प्रवाह वळवले, गाळ त्याच्या दारात येऊन बसला आणि जहाजं लागेनात. गाळानं बंदर मरतं म्हणजे काय होतं, हे कोकणात कुणाला समजावून सांगायला नको. खालच्या कोर्टानं ४५०० डॉलरची भरपाई दिली. पण १८३३ साली सरन्यायाधीश मार्शल यांनी सांगितलं, की भरपाईशिवाय मालमत्ता घेऊ नये हे बंधन केंद्रावर आहे, राज्यांवर आणि शहरांवर नाही. बॅरनच्या हाती काहीच लागलं नाही.

यादवी युद्धानंतर, १८६८ साली, चौदाव्या दुरुस्तीनं राज्यांनाही बांधलं. कायद्याचं समान संरक्षण नाकारायचं नाही. मग १८७५ साली काँग्रेसनं खानावळी, नाटकगृहं, आगगाड्या काळ्या लोकांना खुल्या करणारा कायदा केला. १८८३ साली सर्वोच्च न्यायालयानं तो मोडीत काढला. दुरुस्ती राज्याला अडवते, खानावळवाल्याला नाही, हे कारण. न्यायमूर्ती हार्लन एकटे विरोधात राहिले.

याच गाठीवर आपल्या जिल्ह्याचा संबंध येतो. थळ आणि महाड दोन्ही तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातली. सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली मंजूर झाला. महाड नगरपालिकेनं १९२४ साली चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. म्हणजे सरकार वाटेत नव्हतं. वाटेत होता शेजारी. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले, ओंजळीनं पाणी प्यायले. परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले आणि पुढं तळ्याचं शुद्धीकरण करण्यात आलं. डिसेंबरच्या सत्याग्रहाआधी सवर्णांनी दिवाणी दावा लावून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. आड सरकार आलं नाही, आड आला तो शेजाऱ्याच्या हातातला कोर्टाचा कागद.

दावा दहा वर्षं चालला. महाडचं कोर्ट, मग ठाणे, मग उच्च न्यायालय. मार्च १९३७ मध्ये ब्रूमफील्ड आणि वाडिया यांच्या खंडपीठानं निकाल आंबेडकरांच्या बाजूनं दिला. कारण मात्र समतेचं नाही. अस्पृश्यांना मज्जाव करण्याची रूढी अनादी काळापासूनची आहे, हे वादींना सिद्ध करता आलं नाही, इतकंच. तशी सिद्ध झाली असती तर? हा निकाल मला म्हणूनच विजयापेक्षा इशारा जास्त वाटतो. अमेरिकेत १९४८ साली, घरं काळ्यांना विकायची नाहीत असे शेजाऱ्यांचे करार कोर्टानं अमलात आणणं हेही राज्याचंच कृत्य, असं शेली खटल्यात ठरलं. महाडचा मनाई हुकूम त्याआधी एकवीस वर्षांचा.

१९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात शिकलेले आणि १९४६ साली अमेरिकेतल्या काळ्यांचे नेते डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांना पत्र लिहून तिथले काळे आणि इथले अस्पृश्य यांच्या स्थितीतलं साम्य सांगणारे आंबेडकर मसुदा समितीचे अध्यक्ष झाले, तेव्हा घटनेनं अमेरिकेची चौकट घेतली आणि तिला बगल दिली. बहुतेक मूलभूत हक्क राज्याविरुद्धच आहेत. पण पंधराव्या कलमाचा दुसरा भाग दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तलाव, स्नानघाट यांची नावं घेतो, आणि कुणी अडवलं ते विचारत नाही. 'तलाव' हा शब्द वाचताना चवदार तळं डोळ्यांपुढं येतंच. सतरावं कलम अस्पृश्यता नष्ट करतं, तेविसावं वेठबिगारी. तीही शेजारी, मालक, सावकार सगळ्यांना लागू. अमेरिकेला खानावळीचं दार उघडायला १९६४चा नागरी हक्क कायदा लागला, आणि तोही व्यापारावरच्या अधिकाराचा आधार घेऊन टिकला.

ही रेषा अजून हलते आहे. २०२३ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं बहुमतानं सांगितलं, की एकोणिसावं आणि एकविसावं कलम खासगी व्यक्तींविरुद्धही लागू करता येईल. न्यायमूर्ती नागरत्ना यांचं यावर वेगळं मत आहे, आणि त्यांची शंका मला बिनबुडाची वाटत नाही. हक्क सगळ्यांविरुद्ध झाला की साध्या भांडणांचेही रिट होतील.

म्हणून अर्ज लिहिण्याआधी समोर कोण आहे ते पाहावं. आरसीएफ, ग्रामपंचायत, तहसीलदार असेल तर मुंबईला उच्च न्यायालयात रिट. जातीवरून पाणी किंवा वाट अडवली असेल तर पोलीस ठाणं, आणि नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५. वाडीच्या बांधाचा तंटा असेल तर अलिबागचं दिवाणी कोर्ट.