गोदावरी पाहायला निघालेली मुले

मागच्या हिवाळ्यात नाशिकच्या एका मिशनच्या प्राथमिक शाळेची सहल त्र्यंबकेश्वरला निघाली. गुरुजी म्हणाले, "साहेब, मुलांना माती-पाण्याचं चार शब्द सांगा." मी आनंदाने बसमध्ये चढलो.

चौथीचा वर्ग. ख्रिस्ती मुले होती, तशीच आसपासच्या शेतकऱ्यांचीही होती. एक जागा मात्र रिकामी. घरी कांद्याची लागण चालू, म्हणून त्या मुलीला आईबापांनी ठेवून घेतले होते. तिचा धाकटा भाऊ मात्र आला होता! हे मला खटकले.

नाशकात मिशनच्या शिक्षणाची परंपरा जुनी. शरणपूरची वसाहत १८५४ सालची. गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकन मुलेही तिथे शिकली. वाटेत गुरुजींनी गोदाकाठच्या जलालपूरची गोष्ट सांगितली. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक १८६८ साली तिथे जन्मल्या. लहानपणी शाळा त्यांच्या वाट्याला आली नव्हती. मुले गप्प होऊन ऐकत होती.

त्र्यंबकला नानासाहेब पेशव्यांनी बांधायला घेतलेले काळ्या दगडाचे देऊळ बाहेरून पाहिले, कुशावर्त पाहिले आणि ब्रह्मगिरीच्या पायऱ्या धरल्या. वर पाण्याची बारीकशी धार. एका शेतकऱ्याच्या पोराने विचारले, "एवढ्याशा पाण्यावर आमचा पाट चालतो?"

प्रश्न लाखमोलाचा. मी त्याला खालची खोरी दाखवली. नदी एका झऱ्याची नसते, साऱ्या उतारांवरच्या पावसाची असते. त्र्यंबकला वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस, तर तीसेक किलोमीटरवरच्या नाशकात जेमतेम सातशे. हे वरचे पाणी गंगापूरच्या मातीच्या धरणात अडते, तिथून शहराला आणि शेताला जाते. पुढे हीच नदी १४६५ किलोमीटर वाहून आंध्रात समुद्राला मिळते.

"मग इथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात हंडे का?" दुसरीने विचारले. खाली काळा कातळ, वर पातळ माती, उभा उतार. पाणी मुरायला थांबतच नाही. झाडी तुटली की मातीही त्याच्याबरोबर जाते. मी भात-नागलीच्या खाचरांचे बांध दाखवले. बांध कशासाठी, हे वर्गात तासभर सांगून जे कळले नसते, ते तिथे उभे राहून मुलांना लगेच कळले. (आमच्या खात्याच्या सभांमध्येही असे व्हायला हवे!)

परतताना गुरुजींशी बोललो. सहलीचे पैसे दोन हप्त्यांत घ्यावेत आणि दिवस रब्बी कांद्याच्या लागणीआधी, दिवाळीनंतर लगेच धरावा. त्यांना पटले. मग त्या मुलीच्या वडिलांकडे गेलो. ते वाफ्यातच होते. म्हणाले, "मजूर मिळत नाही, साहेब. मी तरी काय करू?" अडचण खोटी नव्हती. पण मुलगा कसा गेला, असे विचारताच ते रोप हातात धरून उभेच राहिले.

पोरगी बांधावर भावाकडून सगळे ऐकत होती. त्याने बाटलीत भरून आणलेले ब्रह्मगिरीचे पाणी तिने उन्हात धरून पाहिले आणि मला विचारले, "हे आपल्या पाटात यायला किती दिवस लागतात?"